कमाल छापता, किमानही छापा

दि. ३ जून २०२४

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात आपल्या पहिल्या पानावर रोज एक आकडा ठळक अक्षरांत झळकत होता. कधी ब्रह्मपुरी वर, कधी चंद्रपूर, कधी अकोला. आज कोणतं ठिकाण पहिलं, याची जणू शर्यतच लागली होती. मी चंद्रपूर जिल्ह्यात परिचारिका आहे आणि माझ्या नोकरीचा बराच काळ रात्रपाळीत गेला आहे. त्या अनुभवावरून सांगते, या आकड्याने लोकांना अर्धीच गोष्ट कळते. उरलेली अर्धी म्हणजे रात्रीचं किमान तापमान. ते तुम्ही आतल्या पानावर, सोन्याच्या भावाखाली, बारीक टाइपात छापता. ते पहिल्या पानावर, कमाल तापमानाच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा, एवढ्या एका विनंतीसाठी हे पत्र लिहिते आहे.

उष्माघात म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो भर उन्हात काम करणारा माणूस. बांधकामावरचा, शेतातला, रस्त्यावर डांबर टाकणारा. असे रुग्ण येतातच, दुपारी दोन-तीननंतर येतात. पण दुसऱ्या तऱ्हेचे रुग्ण पहाटे येतात आणि त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. हे बहुतेक म्हातारे असतात, घरात असतात, उन्हात पाऊलही टाकलेलं नसतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पहाटेच्या सुमारास एका आजीबाईंना आणलं. सोबत मुलगा आणि सून. कातडी कोरडी ठणठणीत आणि हात लावला तर चटका बसावा इतकी तापलेली. हाक मारली तर डोळे उघडायच्या, पण काहीतरी असंबद्ध पुटपुटायच्या. ताप १०६. मुलगा पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "सिस्टर, आई तर घराबाहेर निघालीच नाही. दुपारभर दार-खिडक्या बंद ठेवल्या होत्या." त्याचं काही चुकलं नव्हतं. आम्ही सगळे हेच तर सांगतो, दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका. आजी झोपायच्या ती वरच्या मजल्यावरची, थेट स्लॅबखालची खोली होती. दोन रात्री लाइन येत-जात होती. घरच्यांनी तापाची गोळी दिली होती. उष्माघाताचा ताप तापाच्या गोळीने उतरत नाही, हे लोकांना माहीत नसतं. ओल्या चादरीत गुंडाळून वर पंखा लावला, मान, काखा आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या, सलाइन लावलं. आजी वाचल्या. त्याच आठवड्यात आणलेले सगळेच वाचले नाहीत.

हे का होतं ते थोडं सविस्तर लिहिते, कारण लोकांना ते कोणी सांगत नाही.

टिनाचं छप्पर दुपारी जीव घेतं, पण सूर्य मावळला की लवकर निवतं. सिमेंटचा स्लॅब उलटा. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडत राहतो. आमच्याकडे मेअखेरीस दिवस तेरा तासांहून मोठा आणि रात्र अकरा तासांहून लहान. शिवाय चंद्रपुरात २० मेच्या आसपास आणि नागपुरात २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. आपला नवतपाही, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास, सूर्य रोहिणीत गेला की सुरू होतो. जुन्या लोकांनी हे दिवस उगाच वेगळे काढलेले नाहीत. एवढं ऊन प्यायलेला स्लॅब त्या तोकड्या रात्रीत पुरता निवत नाही. दुसऱ्या दिवशीचं ऊन कालच्या उरलेल्या उष्णतेवर चढतं. वेधशाळेचं तापमान सावलीतलं, जमिनीपासून दीड-दोन मीटरवर, हवा खेळणाऱ्या पांढऱ्या पेटीतलं असतं. त्या पेटीत पहाटे ३१ अंश असतील तर स्लॅबखालच्या बंद खोलीत किती असेल, याचा अंदाज कोणीही करावा.

माणसाचं शरीर दिवसा साठलेली उष्णता रात्री टाकतं. हृदयाला, मूत्रपिंडाला तेवढीच विश्रांती मिळते. ती सलग दोन-तीन रात्री मिळाली नाही की तिसऱ्या-चौथ्या दिवशी शरीर हात टेकतं. म्हाताऱ्या माणसाला तहानच कमी लागते, घामही कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, किंवा मानसिक आजाराची काही औषधं असतील, तर धोका आणखी वाढतो. तान्ह्या बाळाला तर गरम होतंय हे सांगताही येत नाही.

आता यंदाच्या मेबद्दल. पहिल्या पंधरवड्यात विदर्भात जागोजागी अवकाळी पाऊस झाला, वादळी वारं सुटलं, गारा पडल्या. आंब्याचं नुकसान झालं, भाजीपाला झोपला. त्या दिवसांत कमाल तापमान खाली आलं आणि लोक म्हणाले, चला, यंदा उन्हाळा बरा. मला तसं वाटत नव्हतं. आभाळ भरलेलं असलं की दिवसा ऊन कमी लागतं, पण रात्री तेच ढग आणि हवेतला दमटपणा जमिनीची उष्णता वर जाऊ देत नाहीत. शिवाय विदर्भातलं घर तरतं ते कुलरवर. कुलर चालतो कोरड्या हवेत. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताटीतलं पाणी उडतं, म्हणून हवा गार होते. हवेत आधीच ओल असेल तर पाणी उडत नाही आणि कुलर नुसती चिकट, दमट हवा फेकतो. घामाचंही तेच. म्हणून ४४ अंशांच्या कोरड्या दिवसापेक्षा कधी कधी ३९ अंशांचा दमट दिवस आणि त्यामागची रात्र जास्त जड जाते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये नवी मुंबईत खारघरच्या सोहळ्यात उष्माघाताने माणसं दगावली तेव्हा तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. आमच्याकडे ३८ ला कोणी उन्हाळा म्हणत नाही!

हवामान खात्याच्या नियमानुसार मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० असेल आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त चढलं, तर उष्णतेची लाट धरतात. ४५ ला पोचलं तर सरासरी न बघताही लाट, ४७ ला तीव्र लाट. रात्रीसाठीही नियम आहे, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून वर गेलं तर 'उष्ण रात्र', ६.४ अंशांहून अधिक वर गेलं तर 'अति उष्ण रात्र'. पण त्याला अट अशी की दिवसाचं कमाल तापमान ४० किंवा त्याहून जास्त हवं. म्हणजे ३९ अंशांच्या दमट दिवसानंतरची घुसमटलेली रात्र या व्याख्येत बसतच नाही. खात्याने याचा विचार करावा असं माझं स्पष्ट मत आहे. पण निदान जी उष्ण रात्र खातं जाहीर करतं, ती तरी बातमीत यावी. लाटेचा इशारा तुम्ही छापता, उष्ण रात्रीचा इशारा मी आपल्या अंकात शोधला, तो मला सापडला नाही.

३० मेला मात्र नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर गाजावाजा झाला. नागपूरचं अधिकृत तापमान त्या दिवशी ४५ च्या आसपास होतं. ते यंत्र बिघडल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं. आदल्या दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूरचा ५२.९ हा आकडाही असाच गाजला होता आणि तोही पुढे चुकीचा निघाला. बिघडलेल्या यंत्राच्या आकड्याला एवढी जागा मिळाली आणि त्या रात्री लोक कसे झोपले, याबद्दल एक ओळ नव्हती. याचं मला फार वाईट वाटलं.

मेमध्येच आमच्या भागात तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम असतो. बाया पहाटे अंधारातच जंगलात जातात, ऊन चढायच्या आत पुडे बांधायचे म्हणून. वाघाची भीती वेगळीच. या बाया रात्री झोपलेल्याच नसतात. अंगणात बाज टाकली तरी हवा हलत नाही, डास वेगळे, तान्हं लेकरू रडतं. तशाच उठून चार-पाच तास वाकून पानं तोडतात आणि दहा-अकराला चक्कर येऊन पडतात. आम्ही केसपेपरवर लिहितो, उन्हात काम. खरं तर ती बाई आदल्या रात्रीच निम्मी खचलेली असते.

उपाय नाहीत असं नाही. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असं अभ्यासात दिसलं. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला. तिथल्या एका रुग्णालयाने नवजात बाळांचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावरून खाली आणला आणि उष्णतेमुळे दाखल होणाऱ्या बाळांची संख्या घटली. खर्च काय तर खाटा हलवण्याचा. घरातही हेच करता येतं. म्हाताऱ्या माणसाची आणि बाळंतिणीची झोपायची जागा मे महिन्यापुरती खालच्या मजल्यावर आणा. स्लॅबवर चुना मारा. नुसत्या पंख्याखाली झोपवू नका, अंग ओल्या फडक्याने पुसून मग पंखा लावा. पण आजची रात्र धोक्याची आहे हे कळल्याशिवाय कोण कशाला खाट हलवेल? ते कळायचं साधन गावात वर्तमानपत्रच आहे. आमच्याकडे पारावर एक अंक दहा जण वाचतात.

आमच्या लसीच्या फ्रिजचं तापमान आम्ही सकाळ-संध्याकाळ वहीत लिहितो. दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेलं की धावपळ होते, फोन होतात. ते योग्यच आहे. माणूस झोपतो त्या खोलीचं तापमान मात्र कोणत्याच वहीत नसतं.

किमान तापमान मिळवायला आपल्याला वेगळे कष्ट नाहीत. वेधशाळा ते रोज सकाळी साडेआठला नोंदवते आणि कमाल तापमानाबरोबरच देते. सोबत सकाळची आर्द्रताही असते. रोज तीन आकडे एका चौकटीत द्या. किमान तापमान त्या गावाच्या सरासरीपेक्षा किती वर आहे तेही द्या, कारण ३० हा आकडा बुलढाण्याला वेगळा आणि चंद्रपूरला वेगळा. आणि ज्या दिवशी उष्ण रात्रीचा इशारा असेल त्या दिवशी मथळ्यात 'पारा' लिहिण्याआधी 'रात्र' लिहा.

मोसमी पाऊस ३० मेला केरळात पोचला असला तरी विदर्भात तो साधारण जूनच्या मध्यावर येतो. मृग लागायला अजून चार-पाच दिवस आहेत आणि या दिवसांत आभाळ भरून येतं, रात्री आणखी दमट होतात. म्हणून ही चौकट पुढच्या उन्हाळ्यावर ढकलू नका, या आठवड्यातच सुरू करा.

आपली नियमित वाचक,
एक परिचारिका, जि. चंद्रपूर
(नोकरीमुळे नाव छापू नये, ही विनंती.)