जुना कॉम्प्युटर चालू करून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

फोनवर आभार मानले तेव्हा तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदललात. म्हणून हे जाहीर पत्र. बाबांचा कॉम्प्युटर चालू झाला, याचा आनंद आहेच. पण तुम्ही तो ज्या पद्धतीने चालू करून दिलात, त्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, "भंगारात टाक, नवा घे." तुमचा पहिला प्रश्न मात्र होता, "बाबांचं लिखाण त्यात आहे ना? ते आधी बाहेर काढलंस का?" जुनी सिस्टिम रडतखडत का होईना चालत होती, तेवढ्यात सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर घ्यायला लावल्यात. तोवर नवी सिस्टिम (डेबियन लिनक्स) टाकण्यासाठी लिहिलेल्या सीडीला, म्हणजे डिस्कला, हातही लावू दिला नाहीत.

डिस्क घातली की दिवा लुकलुकायचा आणि जुनीच सिस्टिम उघडायची. तुम्ही म्हणालात, डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून आत काय दिसतं ते सांग. नुसती एक आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची मिळून एकच फाइल) दिसली तर डिस्क चुकीची लिहिली गेली, फोल्डर दिसले तर ठीक. फोल्डर दिसत होते, मूळ फाइलचा चेकसमही (फाइल नीट उतरली का ते पडताळणारा आकडा) जुळला. म्हणजे डिस्क संशयातून सुटली. मग बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जाऊन, सिस्टिम कुठून सुरू करायची त्या बूटच्या क्रमात सीडी वर आणली, सेव्ह केलं, बंद करून प्लग काढला. परत लावला तर क्रम पुन्हा पहिल्यासारखा! तेव्हा तुम्ही विचारलंत, "कोपऱ्यात तारीख कुठली दिसते?" तारीख कित्येक वर्षं मागची होती. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता, त्यामुळे वीज गेली की बायोस सगळं विसरत होता. इतका साधा प्रश्न बाकी कोणालाच सुचला नव्हता. शिवाय तारीख चुकीची राहिली असती, तर पुढे नव्या सिस्टिमची पॅकेजं (प्रोग्रॅम) इंटरनेटवरून उतरवतानाही सुरक्षा प्रमाणपत्रांवर अडलं असतं, हेही तुम्हीच समजावलंत.

सेल बदलल्यावर डिस्क चालू झाली आणि पडद्यावर ओळ आली, की हा कर्नल (सिस्टिमचा गाभा) एक्स८६-६४ प्रोसेसर मागतो, सापडला मात्र आय६८६. ती ओळ तुम्ही अक्षरन् अक्षर वाचून घेतलीत. प्रोसेसर ३२ बिटचा, डिस्क ६४ बिटची. त्यात कोणाचंच काही बिघडलेलं नव्हतं. डेबियन १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर उरलेला नाही, म्हणून तुम्ही २०२३ साली आलेलं डेबियन १२ घ्यायला सांगितलंत आणि डिस्क कमी वेगाने लिहायला लावलीत.

आणि मग इन्स्टॉलेशनचं ते अर्ध्यावर बंद पडणं! माझा धीर तिथेच सुटला होता. तुम्ही शांतपणे विचारलंत, "दर वेळी त्याच फायलीवर अडतं, की वेगवेगळ्या?" त्याच जागी अडलं तर संशय डिस्कवर, जागा बदलत राहिली तर मेमरीवर. जागा बदलत होती. रात्रभर मेमटेस्ट (मेमरी तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवला. सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एकेक काढून तपासली, खराब पट्टी हाती लागली. उरलेल्या एका पट्टीवर इन्स्टॉलेशन सरळ शेवटापर्यंत गेलं.

काका, सल्ला देणारे भरपूर भेटतात. एका वेळी एकच गोष्ट बदल, मग बघ, मग मला सांग, असं म्हणून पलीकडे फोन धरून बसणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. मी तेच तेच विचारत होते, तरी तुमच्या आवाजात कधी कंटाळा आला नाही. "तू सांगतेस ते मला इथून दिसत नाही, म्हणून नीट सांग," असं म्हणालात, तेव्हापासून मी पडद्यावरचं प्रत्येक वाक्य वहीत उतरवून घ्यायला लागले. त्याचा उपयोग मला नोकरीतही होतो आहे.

बाबांनी लिखाण पुन्हा सुरू केलंय. एकाच पट्टीवर ब्राउझर जड जातो, पण त्यांना लिहायला तेवढं पुरतं. हार्ड डिस्कची स्मार्ट तपासणी (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती बघणं) करायची राहिली आहे; ती या रविवारी करते आणि जे आकडे येतील ते तुम्हाला वाचून दाखवते.

तुमची कृतज्ञ,
बाबांची लेक