हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीच्या खोऱ्यातील ट्रेक व ट्राउट मासेमारी सहलीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दिवाळीच्या सुट्टीतील सहलीची नोंदणी रद्द करून संपूर्ण रक्कम परत मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज सकाळी झालेले बोलणे संपल्याबरोबर हे पत्र लिहावयास घेतले आहे. यापुढे मी फोनवर बोलणार नाही. जे उत्तर द्यावयाचे असेल ते लेखी द्यावे.

आपल्या माहितीपत्रकात भाऊबीजेनंतर निघणाऱ्या तुकडीसाठी ‘गुशैणी, रोल्ला, शिल्ट असा मुक्कामी ट्रेक, रोज सायंकाळी ट्राउटची मासेमारी, सर्व परवान्यांसह’ असे छापलेले आहे आणि मासेमारीचे शुल्क आपण आमच्याकडून वेगळे घेतले आहे. यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे. हिमाचल प्रदेशात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते, कारण ब्राऊन ट्राउट नेमकी याच थंडीत, उथळ प्रवाहाच्या तळाशी असलेल्या खडीत अंडी घालते, आणि अशा दिवसांत तेथे गळ टाकणेच काय, पाण्यात उतरून चालणेसुद्धा त्या अंड्यांना घातक ठरते. दुसरे असे की रोल्ला हे ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार आहे. तेथून पुढची सारी वाट उद्यानाच्या हद्दीतून जाते आणि त्या हद्दीत मासेमारीला बाराही महिने मनाई आहे. तीर्थन नदीत गळ टाकता येतो तो उद्यानाबाहेर, खालच्या पात्रात, हंगाम असताना आणि मत्स्य विभागाचा परवाना जवळ असताना. म्हणजे आपण छापलेल्या तारखांना आणि छापलेल्या मुक्कामांवर कायदेशीर मासेमारी होऊच शकत नाही, आणि तरीही तिचे पैसे आपण घेतलेले आहेत.

या सहलीची तयारी आम्ही पावसाळ्यापासून करीत होतो. माझा पुतण्या आणि त्याचे दोन मित्र पाठीवर पूर्ण वजन घेऊन अंजनेरी आणि ब्रह्मगिरी चढले, कळसूबाईलाही गेले. अनेक दिवसांच्या ट्रेकमध्ये पाठीवरच्या प्रत्येक किलोचा विचार करावा लागतो हे आपणांस सांगण्याची गरज नसावी. रॉड, रीळ आणि दोरी यांना जागा व्हावी म्हणून मुलांनी स्वतःचे जास्तीचे कपडे कमी केले. नाशिक रोडहून दिल्लीपर्यंतची रेल्वेची तिकिटे काढून झाली. हे सर्व होत असताना मी आपल्या नाशिकमधील शाखेत परवान्याच्या प्रती वारंवार मागितल्या आणि प्रत्येक वेळी ‘परवाने तिकडे पोहोचल्यावर मिळतील’ एवढेच ऐकविण्यात आले. अखेर बंदीच्या काळाची माहिती मला स्वतःलाच शोधावी लागली.

आता आजच्या संभाषणाबद्दल. मी बंदीचा काळ सांगितल्यावर आपल्या प्रतिनिधीने मला बराच वेळ थांबवून ठेवले आणि परत येऊन विचारले, “सर, पण नोव्हेंबरमध्ये नदीला पाणी असतंच ना?” प्रश्न पाण्याचा नसून माशांच्या विणीचा आहे, हे मी शांतपणे समजावून सांगितले. त्यावर ते म्हणाले, “तिकडे कोण बघायला येतंय? आमचा माणूस गार्डला सांगून ठेवेल.” परवान्यासह म्हणून विकलेली सहल चोरून पार पाडण्याचा सल्ला आपली कंपनी एका ग्राहकाला देत आहे, हे ऐकून मी काही क्षण बोलूच शकलो नाही. माझ्या या गप्प राहण्याचा अर्थ त्यांनी होकार असा घेतला असावा, कारण पुढचे वाक्य असे होते : “आणि मासेच खायचे असतील तर कॅम्पवर ट्राउट फ्राय करून देतो की! नाहीतर नाशिकच्या बाजारात काय मासे मिळत नाहीत?”

महोदय, मी दारणा नदीच्या काठावर गळ टाकीत लहानाचा मोठा झालो आहे. वडिलांनी मला पहिली गोष्ट शिकविली ती ही, की पोटात अंडी असलेला मासा गळाला लागला तर तो पाण्यात परत सोडायचा. तीर्थनमध्येही मासा पकडून, हात ओले करून, सांभाळून पुन्हा प्रवाहात सोडायचा आणि ही रीत मुलांना तेथे दाखवायची, यासाठी मी ही सहल निवडली होती. त्या माणसाला माझ्याशी ताटातल्या माशाची भाषा करावीशी वाटली, याचा मला अतिशय संताप आला आणि हे लिहितानाही तो ओसरलेला नाही. मी नोंदणी रद्द करण्यास सांगितले, तेव्हा ‘धोरणानुसार’ निम्मी रक्कम कापली जाईल असे उत्तर मिळाले, आणि फोन ठेवण्यापूर्वी या सेवेला पाचपैकी गुण देण्याची विनंती करण्यात आली.

मागे आपल्याच कंपनीबरोबर आम्ही उत्तराखंडातील हर की दूनचा ट्रेक केला होता. त्या वेळच्या आपल्या वाटाड्याने वाटेवर पडलेला चॉकलेटचा कागदसुद्धा उचलायला लावला होता, आणि त्या विश्वासावरच आम्ही या वेळी दुसरीकडे चौकशी केली नाही. डोंगराचे नियम पाळणारी म्हणून जिची शिफारस मी नाशिकमधील कित्येक ट्रेकर मित्रांकडे केली, ती कंपनी आज गार्डला सांगून ठेवण्याची भाषा करते, याचे मला मनापासून दुःख आहे.

रद्द करण्याचे आपले धोरण येथे लागू होत नाही, कारण जी सेवा देणे कायद्याने शक्यच नव्हते ती आपण विकली आहे. मासेमारीच्या शुल्कासह संपूर्ण रक्कम, तसेच रेल्वेची तिकिटे रद्द करताना कापली जाणारी रक्कम, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत माझ्या खात्यावर जमा करावी. त्याच तुकडीत नोंदणी केलेल्या इतर ग्राहकांनाही बंदीची माहिती लेखी कळवावी. त्यांच्यापैकी कोणी अजाणतेपणे उद्यानात गळ टाकून पकडला गेला, तर त्याची जबाबदारी आपली असेल.

तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर मी नाशिक जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. माहितीपत्रकाची प्रत हिमाचलच्या मत्स्य विभागाला आणि उद्यानाच्या कार्यालयाला मात्र मी आजच पाठवीत आहे, त्यासाठी १५ दिवस थांबणार नाही.

सोबत : पैसे भरल्याची पावती, माहितीपत्रकाची प्रत.

आपला ग्राहक,
गंगापूर रोड, नाशिक