डेक निवडणे म्हणजे मटका नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्टीतल्या छंदांवरच्या आपल्या पुरवणीत पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेमची 'महागडी कार्डे आणि नशीब' एवढ्यावरच बोळवण झाली आहे. नशीब आहेच. पण मोठ्या स्पर्धेला कुठला डेक (खेळायच्या कार्डांचा गठ्ठा) न्यायचा हे ठरवताना त्यातले बरेचसे आधीच मोजता येते, आणि ते मोजले तर पालकांचा खर्चही आटोक्यात राहतो.

डेक ६० कार्डांचा. बेसिक एनर्जी (पोकेमॉनला जोडायची साधी ऊर्जा-कार्डे) सोडली तर एका नावाची जास्तीत जास्त ४ कार्डे. सुरुवातीला ७ पाने हाती येतात, ६ 'प्राइझ' (बक्षीस) म्हणून बाजूला पालथी जातात, ती लगेच वापरता येत नाहीत. हातात एकही बेसिक (थेट मैदानात उतरवता येणारा) पोकेमॉन नसेल तर हात दाखवून पुन्हा पिसायचे, आणि समोरच्याला हवे तर एक पान जादा. डेकमध्ये ८ बेसिक असतील तर पहिलाच हात असा वाया जाण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के, १२ असतील तर १९. कळीचे कार्ड एकच ठेवले तर सरासरी दहा डावांत एकदा ते प्राइझमध्ये अडकणारच. 'आज पानेच आली नाहीत' म्हणणाऱ्याचा डेक उघडून बेसिक मोजून पाहावेत.

दुसरा हिशेब समोर कोण बसणार याचा. समजा ३० टक्के खेळाडू एकच गाजलेला डेक घेऊन येणार आहेत. त्याला दहापैकी आठदा हरवणारा, पण बाकीच्यांपुढे चारदाच जिंकणारा 'तोड' डेक आपण निवडला. ३० टक्क्यांचे ८० आणि ७० टक्क्यांचे ४०, मिळून हाती येतात ५२ टक्के. सगळ्यांपुढे ५५ टक्के देणारा, कुणाचे लक्ष न वेधणारा डेक याहून बरा. शिवाय या खेळात 'मॅजिक' या दुसऱ्या कार्ड-खेळासारखी १५ कार्डांची राखीव फळी नसते. एखाद्या डेकवरचा उतारा ठेवायचा तर त्या ६० मधलेच कुठले तरी पान काढावे लागते. आणि सरावात ६-४ असा निकाल आला म्हणून हुरळून जाऊ नये, दहा डावांवरून काहीच ठरत नाही. निदान २० डाव खेळावेत, त्यातले निम्मे पहिली चाल समोरच्याला देऊन.

तोड डेक कधी चालतो याचे चांगले उदाहरण म्हणजे होनोलुलूची २०२४ ची जागतिक स्पर्धा. चिलीच्या फर्नांडो सिफुएन्तेसने ती 'आयर्न थॉर्न्स ईएक्स' घेऊन जिंकली. त्या डेकमध्ये पोकेमॉन फक्त ४, म्हणजे पहिला हात ६० टक्के वेळा फुकट! वरच्या हिशेबाने हा वेडेपणाच. पण आयर्न थॉर्न्स पुढे उभा असेपर्यंत 'रूल बॉक्स' (खास नियमाची चौकट, उदा. 'ईएक्स' कार्डांवरची) असलेल्या पोकेमॉनच्या अॅबिलिटी, म्हणजे अंगच्या खास शक्ती, बंद पडतात, अपवाद फक्त 'फ्यूचर' गटाचा. त्या काळचे बहुतेक बडे डेक नेमके त्यांवरच उभे होते. चारिझार्डच्या डेकला हवे ते पान शोधून देणारा पिजॉट ईएक्स, एनर्जी जोडणारे गार्डेव्होअर ईएक्स आणि ओगरपॉन ईएक्स, सगळे एका फटक्यात मुके. तोड एकाच डेकवर नव्हती, अर्ध्याअधिक मैदानावर होती. तीच यादी उतरवून रूल बॉक्स नसलेल्या डेकपुढे बसलात तर मात्र ते कुलूप कशालाच लागत नाही.

घड्याळाचा विचार बहुतेक जण करतच नाहीत. मोठ्या स्पर्धांत तीनपैकी दोन डाव जिंकायचे असतात आणि वेळ ५० मिनिटे, म्हणजे डावाला जेमतेम १६ मिनिटे. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. दोन बरोबऱ्यांचे २ होतात, तर एक विजय आणि एक पराभव यांचे ३. संथ डेक हातात पुरता बसलेला नसेल तर तो घरीच ठेवावा.

आदल्या रात्री डेक बदलू नये. फार तर दोन-तीन कार्डे इकडची तिकडे. यादी देण्यापूर्वी ६० पाने दोनदा मोजावीत आणि प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यातले अक्षर बघून ते कार्ड स्पर्धेत अजून चालते ना, याची खात्री करावी. स्लीव्ह (कार्डांवरची प्लास्टिकची आवरणे) नवे, एकाच पाकिटातले, वर चार-पाच जादा. फॉइलची (चकचकीत) कार्डे दमट हवेत वाकतात. मुंबई-कोकणच्या पावसात हे दोन दिवसांत दिसते. साध्या पानांत एकच फॉइल असेल तर डेक ठेवल्यावर तिथे बारीक फट पडते आणि कापताना बोट नेमके तिथेच अडते. पंचांच्या लेखी ते खूण केलेले पान. दंड होतो, हेतू असो वा नसो. त्या कार्डाची साधी, स्वस्त प्रत वापरावी.

कळावे,
पुण्यातील काही कार्ड-खेळाडू