किंग्ज क्रॉसच्या पायऱ्यांवर भेटलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

रीजंट्स कालव्याकाठी सिनेमा बघायला लोटलेल्या गर्दीत तुम्ही माझ्या आईशेजारी बसलात. तुम्ही नाशिकच्या आणि दोन्ही मुलांना घेऊन आलेल्या, एवढंच बोलण्यातून कळलं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोरच लिहितेय. लंडनची मराठी मंडळी कुठून ना कुठून एकमेकांच्या ओळखीची निघतातच, कुणीतरी ते तुमच्यापर्यंत पोचवेल.

आई खटाव तालुक्यातली. उन्हाळ्यात माझ्याकडे राहायला आली होती. इंग्रजीचा गंध नाही, त्यात गुडघे धरलेले. किंग्ज क्रॉसच्या ग्रॅनरी स्क्वेअर चौकात, कालव्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर एव्हरीमन सिनेमागृहवाले फुकट सिनेमा दाखवतात, तिकीट नाही, आधी येईल त्याला जागा, असं सांगितल्यावर तिचा चेहराच खुलला. "म्हंजे जत्रंतल्या तंबूवानी?" पुसेगावच्या यात्रेत तिनं लहानपणी असेच सिनेमे पाहिलेत. खाली मातीवर बसायचं, बायकांची बाजू निराळी, रीळ तुटलं की शिट्ट्या. मी म्हटलं, तसंच, फक्त इथं तंबू नाही आणि जुलैत नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे पडदाही भर उजेडात दिसणारा.

आम्ही पोचलो तेव्हा पायऱ्या खच्चून भरलेल्या. आईला खाली बसायचं तर पाठीला टेकू हवा आणि उठताना धरायला काहीतरी हवं. "आई, दमानं" हे माझे शब्द तुमच्या कानावर पडले असावेत. तुम्ही लगेच हाक मारलीत, "काकू, इकडे या, भिंतीपाशी!" मुलांना उठवलंत, स्वतःच्या जाकिटाची घडी करून तिच्या पाठीशी लावलीत. मुलंही कुरकुर न करता मागे जाऊन बसली. त्यांचं वेगळं कौतुक करायला हवं.

पण खरे आभार मानायचेत ते पुढच्या दोन तासांचे. सिनेमा इंग्रजी, आणि मला एकाच वेळी बघणं आणि समजावणं कधी साधत नाही. तुम्ही काय केलंत, ते मी शेजारून बघत होते. प्रत्येक वाक्य सांगत बसला नाहीत. "हा थोरला. धाकट्याशी बोलत नाही, घरावरून वाजलंय." एवढं तिच्या कानाशी सांगून गप्प. मग लांबलचक भांडण झालं तरी तुम्ही चूप, कारण भांडण आईला न सांगताही कळत होतं. कागदपत्रांचा प्रसंग आला तेव्हा मात्र "घर आईच्याच नावावर निघालं" हे नेमकं वेळेवर सांगितलंत. आईनं मांडीवर थाप मारली, "बरं झालं!" पुढच्या ओळीतल्या बाईंनी वळून पाहिलं आणि त्याही हसल्या.

मधेच एक लांबुळकी, अरुंद होडी संथपणे गेली. आई सिनेमा सोडून तिच्याकडेच बघायला लागली. हे पाणी कुठून येतं, मागची ती विटांची एवढी मोठी इमारत कसली, असे प्रश्न सुरू झाले. तुम्ही वैतागला नाहीत. कालवा १८२० पासून वाहता आहे, ती इमारत १८५२ ची, लिंकनशरचा गहू तिथं साठवून लंडनच्या बेकऱ्यांना जायचा, शेजारी उत्तरेकडचा कोळसा उतरायचा, आता तिथं कलेचं कॉलेज आहे, हे सगळं तिला तिच्या भाषेत सांगितलंत. जन्म शेतात गेलेल्या बाईला धान्याचं कोठार म्हटल्यावर दुसरं काय हवं? लंडनमध्ये मी तिला राजवाडा दाखवला, नदीवरचे पूल दाखवले, तेव्हा ती "छान आहे" म्हणून गप्प झाली होती. इथं तिनं विचारलं, "पोती कशानं चढवायची?" परदेशी आलेल्या आईवडिलांना आपण फिरवतो खूप, पण त्यांच्याशेजारी बसून गोष्ट सांगायला आपल्याला वेळ नसतो. तुम्ही तो दिलात, तोही अनोळखी बाईला.

शेवटी सगळे एकदम उठले. तुम्ही आईला हाताला धरून वरपर्यंत आणलंत, तिनं पिशवीतली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी तुमच्या मुलांच्या हातावर ठेवली, आणि तुमची गाडीची वेळ झाली.

आई आता गावी परतली आहे. परवा फोनवर मावशीला तो सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत होती, कुठला भाऊ कुठल्या प्रसंगात काय बोलला त्यासकट. मला तिनं बजावलंय, त्या पोरीला शोध आणि सांग की यात्रेच्या दिवसांत भारतात असशील तर पोरांना घेऊन सरळ घरी ये, राहायची सोय आहे. पत्ता मी देईन. तेवढा निरोप मिळाला की कळवा.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
भिंतीपाशी बसलेल्या काकूंची लेक