वाटणी न झालेलं शिवार

महोदय,
स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला बर्फ आणि सिनेमातली गाणी आठवतात. बर्न प्रांतातलं ट्रुब मात्र गुराढोरांचं गाव. सुमारे १,४०० मीटर उंच नाप्फ डोंगराच्या घळींत घरं विखुरलेली. एकाच भल्यामोठ्या छपराखाली माणसं, गाई आणि गवत. नवल वाटलं ते वारशाचं. ट्रुब ज्यात येतं त्या एमेंटाल खोऱ्यातल्या जुन्या रिवाजाने अख्खी शेती धाकट्या मुलाकडे जाई, तुकडे नाहीत. आईवडील शेजारच्या 'श्टॉकली' या छोट्या घरात राहत. (थोरल्यांना काय वाटत असेल, कोण जाणे!) १९९४पासून लागू असलेल्या कायद्यानेही, स्वतः कसणाऱ्या वारसाला शेती बाजारभावाने नव्हे, उत्पन्नावरून ठरलेल्या किमतीला मिळते. आमच्या भावकीतले बांधाचे दावे आठवले.
— एक वाचक, सातारा