उठून जाता न येणाऱ्या माणसाविषयी

वास्को,
रविवार, रात्री

प्रिय रूथ,

प्रभूमध्ये आशीर्वाद.

सकाळी फोन मीच आधी ठेवला. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतं बोलतेय. वॉर्डातल्या त्या आजींच्या उशाशी तू बायबलमधला नवा करार ठेवलास, त्यांच्या मुलाने तक्रार केली, तुला समज देऊन सोडलं. मी रागावलो ते करार ठेवलास म्हणून नाही. त्या आजींना उठून जाता येत नव्हतं म्हणून.

ज्या हाताने सुई टोचतेस, त्याच हाताने पुस्तक पुढे केलंस तर माणूस नको कसं म्हणेल? नको म्हटलं तर रात्री बेल वाजवल्यावर ही येईल ना, हाच हिशोब त्याच्या डोक्यात. त्याचा होकार तुझ्या युनिफॉर्मला असतो, येशूला नाही. ड्यूटीवर असताना त्याने विचारलं तरच बोल, तेही विचारलं तेवढंच. प्रार्थना मागितली तर घरच्यांसमोर, दोन वाक्यांत. बाकीचं डिस्चार्जनंतर, त्यांनी घरी बोलावलं तर, आणि सगळे घरात असतील अशा वेळी.

घटनेच्या २५व्या कलमात प्रसाराचा हक्क आहे हे तू सांगितलंस. आहे. पण १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थही सांगितलाय: आपली तत्त्वं मांडता येतील, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात धरलेला नाही. कायद्याच्या भीतीने लिहीत नाही मी. बरं, थोडं भीतीनेच लिहितोय.

आणि हा गोवा आहे, बाळा. इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, इथे १५६० मध्ये आलं, ते कायमचं उठायला १८१२ उजाडलं. कुठ्ठाळी आपल्यापासून किती जवळ! तिथला मंगेश देव लोकांना जुवारीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला. ज्या घरात ही गोष्ट सांगतात, तिथे आपलं साधं बोलणंही त्या गोष्टीच्या मागून ऐकू येतं. त्याच गोव्यात फादर स्टीफन्सनी १६१६ साली रायतूरला ख्रिस्तपुराण छापलं, येशूची कथा जवळजवळ अकरा हजार ओव्यांत. नव्या ख्रिस्ती लोकांच्या कानात पुराण होतं, म्हणून पुराणच दिलं.

तेव्हा आपली मंडळीतली, चर्चमधली भाषा जरा तपासून वापर. ‘तारण’, म्हणजे पापातून सुटका, म्हटलं की लोकांना बँकेत ठेवलेलं सोनं आठवतं. बायबलच्या योहान ३ मधला ‘नव्याने जन्म’ हिंदू मैत्रिणीला हमखास पुनर्जन्म वाटतो, मग तुम्ही दोघी खुशीत माना डोलावता आणि दोघींच्या मनात वेगळंच असतं. ‘पाप’ तर पुण्याच्या जोडीनेच ऐकू येतं, जमाखर्चासारखं. त्यापेक्षा लूक १५ मधला बाप सांग, धावत जाऊन पोराला मिठी मारणारा. पुस्तक मागितलं तर नव्या करारातल्या पहिल्या, मत्तयाच्या शुभवर्तमानापासून सुरू करायला लावू नकोस. पहिली १७ वचनं नुसती वंशावळ, तिथेच माणूस मिटून ठेवतो. मार्कचं शुभवर्तमान दे. १६च अध्याय आहेत.

पुन्हा उपदेश झाला. माफ कर. नाताळला खालच्या काकूंकडे करंज्यांचं ताट घेऊन तू जायचीस आणि दारातूनच ओरडायचीस, ‘येशूचा वाढदिवस!’ चवथीला तेच ताट नेवऱ्यांनी भरून परत यायचं. तुझ्याइतकं धीटपणे त्या नावाचा उच्चार या घरात कोणी केला नाही, मीसुद्धा नाही. पण काकूंना दार लावून घेता येत होतं, रूथ. आजींना नव्हतं.

आईने तुझ्या बॅगेत मार्कची मोठ्या अक्षरांची सुटी प्रत ठेवली होती. डब्याला बसणारी मैत्रीण ‘उपासनेत तुम्ही करता काय’ असं विचारते ना, तिला ती दे. तिने मागितली तर. आजींना नको. त्यांची ड्रेसिंग वेळेवर कर, मुलाशी नीट बोल, त्याच्यावर राग धरू नकोस.

त्या घरी गेल्या की कळव.

पप्पा