वाशी खाडीपुलाची जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रे हवी आहेत

वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ साली खुला झाला. त्याआधी मुंबईहून पनवेलला रस्त्याने जायचे तर ठाणे-मुंब्र्याचा वळसा पडे. या पुलामुळेच नवी मुंबई मुंबईला थेट जोडली गेली. त्याच्या बांधकामाचे फोटो, नकाशे, हजेरीपत्रके आजही अनेकांच्या कपाटांत असतील. आमची समिती त्यांचा संग्रह करत आहे.

सर्वांत जास्त गरज आहे ती दुरुस्तीच्या काळातल्या साहित्याची. पूल पूर्वताणित काँक्रीटचा आहे. अशा पुलात पोलादी केबल नळ्यांतून ओवून ताणतात आणि मग नळीत सिमेंटचे ग्राउट (पातळ मिश्रण) भरतात. ग्राउट अपुरे राहिले की पोकळी उरते. खाडीवरचे क्षार आणि ओल तिथवर पोचली, की ताणलेली तार आतल्या आत गंजते आणि बाहेरून बराच काळ काहीच दिसत नाही. या पुलाच्या केबल गंजल्या, तेव्हा गर्डरला (पुलाच्या मुख्य तुळईला) बाह्य केबलचा आधार द्यावा लागला. पुढे १९९७ साली शेजारी दुसरा पूल झाला. उद्घाटनाचे फोटो सगळे जपतात, दुरुस्तीचे क्वचितच. म्हणून त्या कामावरचे कामगार, मुकादम, अभियंते यांच्या आठवणीही आम्हाला ध्वनिमुद्रित करायच्या आहेत.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो कृपया सोलून काढू नका. चित्राचा थर पानालाच राहतो. अल्बम तसाच आणा. सेलोटेप, लॅमिनेशन नको. बुरशी दिसली तर पुसू नका, तो फोटो वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. मागे नोंद करायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. निगेटिव्ह असेल तर तीही आणा, प्रिंटपेक्षा तिच्यात तपशील जास्त असतो. घरी स्कॅन करणार असाल तर प्रिंटसाठी ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) आणि टिफ फाइल (तपशील न गमावणारी) ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत लहान होते आणि फलकावरची अक्षरे वाचता येत नाहीत.

मूळ वस्तू पोचपावती देऊन घेऊ आणि स्कॅन करून परत करू.

देणगीतून आम्लमुक्त पाकिटे, पॉलिएस्टरची कव्हरे (पीव्हीसीची नव्हेत, ती फोटोला चिकटतात) आणि दोन हार्डडिस्क घेणार आहोत. दोन्ही डिस्क वेगवेगळ्या इमारतींत राहतील. पैशांऐवजी हेच सामान दिलेत तरी चालेल. जुन्या फोटोंतली माणसे आणि जागा ओळखू शकणारे वाशी, मानखुर्द परिसरातले ज्येष्ठही हवे आहेत.